मीठ, कोळसा आणि सोळा जीबी

"अवं, हे तं करंट मारून रायलं!" म्हणत काकांनी हात झटकन मागे घेतला, आणि मी हसले.

घडलं ते एवढंच. डिसेंबरातली संध्याकाळ होती. सपरीत, म्हणजे ओसरीत, खाटेवर लॅपटॉप चार्जिंगला लावून मी समोर खुर्ची टाकून काम करत बसले होते. दोन घरं पलीकडचे काका पोरीला घेऊन आले. दिवाळीआधी हमीभावाने कापूस विकण्यासाठीच्या सरकारी कपास किसान ॲपवर त्यांची नोंदणी मीच करून दिली होती, तेव्हापासून स्क्रीनमध्ये दिसणारं काहीही असलं की ते माझ्याकडे येतात. या वेळी चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हातात आला होता. पोरगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने वर्ध्याला जाऊन येते. "हिले कोडिंगसाठी लॅपटॉप घ्याचा हाय. कोनता घ्याचा थे तू सांग, मले काय समजते त्याच्यातलं." नमुना म्हणून मी माझाच त्यांच्यापुढे सरकवला. पातळ, चंदेरी, धातूच्या अंगाचा. त्यांनी आधी पंजा शर्टाला पुसला, मग अलगद झाकणावर ठेवला, आणि विंचू दिसावा तसा उचलला. "काही होत नाही काका, त्याला तेवढं असतंच," असं मी म्हटलं आणि हसले. पोरगी हसली. मग तेही हसले. पण निघेपर्यंत त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

सल्ला तर मी एका दमात देऊन टाकला. सोळा जीबी रॅम (चालू कामाची जागा), पाचशे बारा जीबीची एसएसडी (साठवणीची जागा), प्रोसेसर बऱ्यापैकी नवा, बाकी कोणत्याही कंपनीचा घ्या. पुण्यात असताना चहाच्या टपरीवर ज्युनिअर पोरांना शंभरदा सांगितलेलं वाक्य होतं ते, झोपेत विचारलं तरी येईल असं. पोरीने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. काका डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकत होते. शेवटी दोनच गोष्टी त्यांनी विचारल्या. "हे किती वर्ष चालते? अन् बिघडलं तं कोठी न्या लागते?" मी म्हटलं, चार-पाच वर्षं चालेल, बिघडला तर नागपूरला. "नागपूर," एवढं बोलून त्यांनी तालुक्याच्या दुकानातून आणलेला भावाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

रात्री पडल्या पडल्या ते हसणं टोचायला लागलं.

त्यांना करंट लागला आणि मला लागत नव्हता, याचं कारण माझ्या पायात होतं. मी चप्पल घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते आणि ते सकाळीच सारवलेल्या, अजून गारवा धरून असलेल्या जमिनीवर अनवाणी उभे होते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचा गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अगदी नखाएवढा प्रवाह धातूच्या अंगावर झिरपत राहतो. तीन पिनांचा प्लग असेल आणि तिसऱ्या भोकामागे खरोखर अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. दोन पिनांच्या चार्जरला ती वाटच नसते, मग तो वाट पाहत बसतो कुणीतरी अनवाणी माणूस येण्याची. इजा होण्याइतका तो नसतो, हे मी काकांना सांगितलं ते खरंच होतं. पण २०२० च्या मार्चमध्ये गावी आले आणि पुढे इथूनच काम करायचं ठरलं, तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात मलाही झिणझिण्या यायच्या. मी काय केलं? घरातसुद्धा चपला घालायला लागले. आई ओरडायची, सैपाकघरात चपला घेऊन नको येत जाऊ म्हणून. आज आठवून पाहिलं तर मी लॅपटॉप सुधारला नाही की घर सुधारलं नाही, फक्त पायाखाली रबर घेतलं.

आणि अर्थिंग काय असतं हे मला माहीत नव्हतं असंही नाही. लहानपणी उन्हाळ्यात बाबा विहिरीवर गेले की मोटरच्या पेटीशेजारच्या खड्ड्यात आधी बादलीभर पाणी ओतायचे. मला वाटायचं तिथे काही पेरलंय. काळी माती एप्रिल-मेत फाटते, आपला हात मनगटापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि फाटलेली कोरडी माती करंट घेत नाही. म्हणून खड्ड्यात मिठाचा अन् कोळशाचा थर, मधोमध लोखंडी नळी, वरून पाणी. मोटरला हे सगळे लाड. घरात मात्र वायरिंग झाली तेव्हा तिसरी वायर वाचवली गेली. बोर्डावरचं ते वरचं मोठं भोक आमच्याकडे नुसतं शोभेला आहे. गावात किती घरी ते खरं आहे, मोजायला गेलं तर बोटं उरतील.

मग मला माझंच ते पाठ केलेलं वाक्य नव्याने ऐकू यायला लागलं. सोळा जीबी, पाचशे बारा, बाकी कोणताही. हे "बाकी" जे आहे ना, ते इथे सगळ्यात मोठं आहे. पुण्यात बाकी म्हणजे रंग. इथे बाकी म्हणजे ऊन, कापूस, उंदीर, लाइन आणि नागपूर.

कापसाचंच सांगते. भाव वाढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवायचा ही आमच्याकडची जुनी रीत. एक खोली छतापर्यंत पांढरी होते, त्या खोलीला स्वतःचा उबदार, थोडासा तेलकट वास येतो, अंगाला खाज सुटते आणि हवेत तंतू तरंगत राहतात, उन्हाची तिरीप आली की दिसतात. माझा आधीचा लॅपटॉप पंख्याचा होता. दोन हिवाळे त्याने त्या खोलीशेजारी काढले. मग तो साध्या कामालाही ट्रॅक्टरसारखा घुमायला लागला, आणि नंतर तर अचानक बंद पडायचा. एका रविवारी मी हिंमत करून मागचं झाकण काढलं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधोमध राखाडी रंगाचं एक बारीक नमद्यासारखं थर बसलं होतं, जाळीच्या मापाचं, अगदी कापून बसवल्यासारखं. चिमट्याने ओढलं तर अख्खं निघालं. आईने ते हातात घेतलं, चोळून पाहिलं आणि म्हणाली, "आपलाच हाय, वात होईल याची." आमच्या वावरातला कापूस माझ्या प्रोसेसरचा श्वास कोंडत होता, आणि मी दोन महिने इंटरनेटवर ड्रायव्हर नावाची सॉफ्टवेअरं शोधत बसले होते.

पुढचा घेताना म्हणूनच पंखाच नसलेला घेतला. पंखा नाही म्हणजे तंतू जाणार कुठून, हा हुशार हिशोब. डिसेंबरात तो हिशोब बरोबर असतो. बऱ्याच लॅपटॉपांच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. आमच्याकडे ३५ हे मार्चमधलं सुखाचं तापमान आहे. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, नवतपा लागला की घरातली भिंतसुद्धा हाताला लागते. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, बैलाने उन्हात पाय ओढावे तसा, आणि पंखा नसलेल्याकडे दुसरा उपायही नसतो. दुपारी सकाळच्या दुप्पट वेळ बिल्डला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम व्हायला, लागतो. कुलरसमोर बसावं तर तो तुषारांसकट ओली हवा अंगावर सोडतो, आणि वीज व पाणी एका खाटेवर घेऊन बसणं मला अजून जमलेलं नाही. मी आता मेमध्ये पहाटे चारला उठून काम करते. ऑफिसमधल्या लोकांना वाटतं मी फार शिस्तीची आहे.

दोन-तीन दिवसांनी मीच काकांच्या घरी गेले. त्यांच्याकडेही समोरच्या खोलीत कापूस होता, निम्मा विकलेला, निम्मा थांबलेला. २०२५-२६ च्या त्या हंगामात सरकारी हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये होता. तालुक्याच्या दुकानदाराने दिलेल्या कागदावर आकडा होता पंचावन्न हजार. म्हणजे जवळपास सात क्विंटल. आमच्या कोरडवाहूत सव्वा-दीड एकराचं सगळं पांढरं त्या कागदावर ठेवायचं, त्यातही वेचाईचे पैसे आधीच गेलेले. हा हिशोब त्यांनी मला करून दाखवला नाही. त्यांना तो तोंडपाठ होता आणि मला तो त्या खोलीत उभं राहिल्यावर आला. बोलता बोलता त्यांनी ढिगातून एक बोंड उचललं, सरकीपासून धागा बोटांनी ताणत लांबी पाहिली, तळहातावर दाबून ओल पाहिली आणि परत टाकलं. आठ टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव कापतात, बाराच्या वर घेतच नाहीत. मशीन जे सांगते ते हा माणूस अर्ध्या टक्क्याच्या फरकाने हाताने सांगतो. असा माणूस "मले काय समजते" म्हणाला आणि मी ते खरं धरून चालले होते.

त्या दिवशी आम्ही तिघं नीट बसलो. कागदावरच्या मशीनला आठ जीबी रॅम होती, आणि तीही बोर्डालाच चिकटवलेली. नंतर वाढवता येणार नाही. पोरीला कॉलेजात अँड्रॉइडचा विषय पुढच्या सत्रात आहे. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ, त्याचा खोटा मोबाइल, म्हणजे एम्युलेटर, आणि शेजारी ब्राउझरची दहा पानं एवढं उघडलं की आठ जीबी भरते. मग मशीन रॅममधलं सामान उचलून एसएसडीवर नेऊन ठेवतं, लागलं की परत आणतं, आणि आपण पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसतो. हे मी सांगत होते तेव्हा काका मध्येच म्हणाले, "म्हंजे कोठी मोठी अन् खळं लहान." मला यापेक्षा बरं कधी सांगता आलेलं नाही. आणि त्याच कागदावर खाली ठळक अक्षरांत होतं, बॅग फ्री.

पोरगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, तुमच्यासारखा पातळवाला नाही येत का?"

मी तिला सगळी कारणं सांगितली. प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर पाहायचं, यू असेल तर कमी विजेवर चालणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा पण जास्त तापणारा, बॅटरी भराभर खाणारा. गेमिंगवाले लॅपटॉप दिसायला भारी, पण त्यांचे चार्जर विटेएवढे. लाइन गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक लाइट आणि तो विटेएवढा चार्जर लावला तर आई आधी कोणाला उठवेल? टाइप-सीवर चार्ज होणारा पाहिजे, कारण उंदराने वायर कुरतडली तर (तुरीची पोती घरात असली की कुरतडतोच) दुसरा चार्जर वर्ध्यातही मिळेल, पुडीएवढ्या दुकानात मिळेल. कीबोर्डखाली दिवा असला तर उत्तम, ती चैन नाही, रात्री साडेनऊला अंधार झाला की कळतं. ऑनसाइट वॉरंटी म्हणतात ती, दुरुस्तीवाला घरी येण्याची, आपल्या पिनकोडवर येते का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. सगळं बरोबर होतं. पण तिचा प्रश्न विजेचा नव्हताच. बसमध्ये, वर्गात, मैत्रिणींच्या समोर बॅगेतून काढताना तो कसा दिसेल, असा होता. मला तो प्रश्न चांगला ओळखीचा आहे, कारण माझा चंदेरी लॅपटॉप मी केवळ कापसाच्या तंतूंमुळे घेतला, हे मी इथे जेवढ्या सफाईने लिहिलं तेवढं खरं नाही.

जानेवारीत आम्ही एसटीने नागपूरला गेलो, बर्डीवर, म्हणजे तिथल्या सीताबर्डीच्या बाजारात. मोठमोठ्या कंपन्यांमधून भाड्याची मुदत संपून परत आलेले लॅपटॉप साफसूफ करून विकणारी दुकानं पाहायची होती. काकांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता आणि पैसे बनियनच्या खिशात. पहिल्या दुकानात एक फार स्वस्त मिळत होता. मी प्रोसेसर पाहिला, सातव्या पिढीचा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे जवळपास आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचा ढीगच्या ढीग बाजारात स्वस्त झाला आहे. विंडोजऐवजी लिनक्स टाकून तो मजेत वापरता येतो, मी स्वतः टाकून दिला असता, पण कॉलेजच्या प्रॅक्टिकलला विंडोजच लागतं. दुकानदार म्हणाला, "काही फरक पडत नाही मॅडम." काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आम्ही बाहेर.

दुसऱ्या दुकानात थिंकपॅड टी४८० निघाला. काळा, चौकोनी, कीबोर्डच्या मधोमध लाल टिकली. हा थिंकपॅडचा तोंडवळा १९९२ मधला, आयबीएमच्या वेळचा. २००५ मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला तरी काळा डबा काही बदलला नाही. पोरीचा चेहरा पडला, मला दिसला. दुकानदार स्क्रीन दाखवत होता, आवाज ऐकवत होता. काकांनी ते काही पाहिलं नाही. आधी विचारलं, "करंट नाई ना मारत?" मग त्याचं अंग चाचपून पाहिलं, प्लास्टिकसारखं लागलं म्हणून बोटं थोडी रेंगाळली. मग उचलून उलटा केला, बैलाचा खूर पाहावा तसा, आणि खालच्या बाजूला अंगठा फिरवला. "इथं स्क्रू हायेत," म्हणाले. "म्हंजे खोलता येते." दुकानदाराने पेचकस लावून दाखवला. त्याचे स्क्रू सैल केले तरी खाली पडत नाहीत, झाकणालाच धरून राहतात. आत रॅमच्या दोन जागा, एक रिकामी. एक बॅटरी आत, दुसरी बाहेरून लावायची, ती चालू मशीनमध्येही बदलता येते. पंखा आणि त्याची जाळी समोरच. काकांनी त्या जाळीकडे बोट केलं. "कापूस इथं अडकते?" मी त्यांना माझी ती वातीची गोष्ट कधी सांगितली होती, मला आठवेना. बहुतेक आईने.

रिकाम्या जागी आणखी आठ जीबी घालून सगळं मिळून तीस हजारांच्या आत बसलं. येताना बसमध्ये पोरगी खिडकीकडे बघत होती. बॅग तिच्या मांडीवर होती, पण दोन्ही हात बॅगेवर नव्हते. बुटीबोरी गेल्यावर मी स्वतःला विचारलं, की हा मी माझ्यासाठी घेतला असता का? टी४८० बाजारात आला २०१८ मध्ये. एवढ्या वर्षांपूर्वीचं मशीन, दुसऱ्याच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या कळा. मी नसता घेतला. मी म्हटलं असतं, कामाचं साधन आहे, त्यात काटकसर नको. मग हिला कशी सांगितली काटकसर? कारणं सगळी खरी आहेत, तरी ती सगळी मिळून एका शहाण्या बाईने गरिबाला दिलेल्या सल्ल्यासारखी दिसतात, हे मला त्या बसमध्ये नको तितकं स्पष्ट दिसलं. काका पुढच्या सीटवर झोपले होते, मान हलत होती.

फेब्रुवारीत एकदा ती आली, काळा डबा घेऊनच. एम्युलेटर उघडून दाखवला. एकरी किती बियाणं लागेल ते सांगणारं छोटंसं ॲप तिने केलं होतं, सोयाबीनचा आकडा चुकलेला होता आणि तो तिच्या वडिलांनीच पकडला म्हणे. झाकणावर तिने स्टिकर लावले होते, लाल टिकलीभोवती नखाच्या पॉलिशने बारीक पांढरं वर्तुळ काढलं होतं. मी काही बोलले नाही. बॅटरी बदलून दाखव म्हटलं तर तिने चालू मशीनमधून ती काढून परत बसवली, शाळेतल्या पोराने हातचलाखी दाखवावी तशी. "वर्गात कोनालेच नाही येत हे करता," म्हणाली. नेहमी माझ्याशी पुस्तकातलं बोलायचा प्रयत्न करते, त्या दिवशी विसरली.

परवा संध्याकाळी त्यांच्या घरावरून जात होते. ऊन उतरलं होतं, पळसाला रंग आला आहे. घराच्या मागच्या भिंतीला लागून, तुळशीपासून चार हातांवर, ताजा बुजवलेला खड्डा होता आणि मातीतून लोखंडी नळीचं तोंड वर आलेलं होतं. नळीला जाड वायर, भिंतीवरून खिडकीत गेलेली. काका लोटाभर पाणी त्या नळीत ओतत होते. खोली रिकामी झाली होती, कापूस सगळा गेला, तिथे आता टेबल होतं. मी विचारलं, तिच्या लॅपटॉपला तर तसा करंट लागत नाही, मग हे कशाला?

"आज नाई लागत," ते म्हणाले. "उद्या ते पातळवालं घेईन थे. घेऊ दे तिच्या पैशानं." लोटा पालथा घालून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुह्यावालं अजून मारते काय?"

मी हो म्हटलं.

"मंग सांगाचं नाई काय, बाप्पा. रविवारी खड्डा मी खनून देतो. कोळसा हाय आपल्याकडं. मीठ तेवढं तू आन, जाडं पाह्यजे, पुडीतलं नाई."